बाहेरून कडी

नावखारची मिठागरं सरकारनं ताब्यात घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कमळाकर घरत आनंदा मोकलाच्या ओट्यावर येऊन बसला. जमिनी गेलेल्या लोकांच्या वतीनं साहेबांशी बोलायला कमळाकरच जायचा. त्यामुळे तो कुणाच्याही ओट्यावर बसला की चहा आपोआप पुढे यायचा.

"उरणच्या बाजूला कंपनी येते," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "घरटी एक नोकरी देनार. तुज्यासारक्या नववी नापासाला गेटवर उभा करतील. पन घरात कोन पदवीधर आसंल तर टेबल-खुर्ची, वर पंखा."

"आमच्यात कोन पदवीधर?" आनंदा हसला.

कमळाकरनं दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत रंभा सुकट निवडत बसली होती. "ती हाय ना. दोन वरसं कॉलेजात गेलेली. एक वरीस र्‍हायलंय तिचं. ते काडून घे तिच्याकरनं."

रंभाचा सुकटीतला हात थांबला.

सतरा वर्षांपूर्वी बापानं तिला कॉलेजातून काढलं, तेव्हा म्हणाला होता, "एका वरसानं काय बिगरतंय? लगीन झाल्यावर शिक." सुपारी फुटताना मोकलांनीही होकार दिला होता. हळद उतरायच्या आत ती मिठागरावर होती, टाचांच्या भेगांत मीठ जाऊन रात्रभर पाय ठणकायचे. पहिल्या दोन वर्षांत तिनं कॉलेजचा विषय काढून पाहिला. तिसऱ्या वर्षी सासूनं, हौसानं, तिच्या पुस्तकांची पानं फाडली आणि त्यांत सुके बोंबील बांधून पनवेलच्या बाजारात विकले. रंभानं नंतर विषय काढला नाही. तिनं एवढंच केलं, की मुलगी झाल्यावर तिचं नाव हट्टानं मनस्वी ठेवलं. घरात सगळे तिला मनी म्हणत.

कमळाकर गेल्यावर आनंदा आत आला. "उद्या पनवेलला जा. कॉलेजात इचार काय काय लागतंय."

रेडा कुठे बांधायचा हे सांगावं तशा आवाजात तो हे बोलला. रंभानं मान हलवली. मग ती मागच्या पडवीत गेली आणि पाण्याच्या पिंपाला धरून उभी राहिली. तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं, आणि हसणं हौसाला ऐकू गेलं तर काय, याची भीतीही वाटत होती.

हौसाला कळलंच. "म्हातारपनी पाटी घेऊन चालली," ती शेजारणीला ओरडून सांगत होती. "आता नातवाच्या बारशाला डिग्री आनंल."

*

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. रंभा अंधार असताना उठायची. पाणी, भाकऱ्या, रेड्याची वैरण. मग बांधावरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत यायचं, चिखलाचे पाय हापशीवर धुवायचे आणि पिशवीतल्या चपला काढून घालायच्या. पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकातल्या शिपायानं तिला हात आडवा घातला.

"मच्छी मागच्या गल्लीत. क्वार्टर्सच्या दारात बसायचं."

"मी शिकायला आलेय."

शिपायानं तिच्या पायांकडे पाहिलं. टाचा पांढऱ्या, फुटलेल्या. "कुठल्या वर्गाला?" म्हणून त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून दुसऱ्या शिपायाला हाक मारली, त्यानंही ऐकावं म्हणून.

वर्गात पोरं-पोरी तिच्यापेक्षा एका पिढीनं लहान. ती ज्या बाकावर बसे त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. एक मुलगी पहिल्याच आठवड्यात नाकाला रुमाल लावून उठली आणि म्हणाली, "सॉरी हं, मला सुक्या मासळीची अ‍ॅलर्जी आहे." मुलं हसली. रंभानं त्या रात्री केस शिकेकाईनं धुतले. दुसऱ्या दिवशीही बाक रिकामाच राहिला.

इतिहासाच्या तासाला ज्या बाई आल्या त्या अरुंधती केळकर. रंभानं तिला पाहताक्षणी ओळखलं. सतरा वर्षांपूर्वी दोघी एकाच बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. तास संपल्यावर रंभा व्हरांड्यात तिच्यामागे धावली.

"अरू!"

अरुंधती वळली. बरोबर दुसरे दोन प्राध्यापक होते. तिच्या चेहऱ्यावर ओळख आली आणि लगेच गेली. "काय काम होतं?"

"मी रंभा. रंभा पाटील, आताची मोकल."

"हो, हो. हजेरीत नाव पाहिलं." अरुंधतीनं पुस्तकं छातीशी धरली. "हे बघा, कॉलेजात मॅडम म्हणायचं. बाकीच्या मुलांना सवय लागते."

"हो, मॅडम," रंभा म्हणाली.

परत येताना एसटीत तिला दोन्ही कान तापल्यासारखे वाटत होते. पण दुसऱ्या दिवशी ती गेली, तिसऱ्या दिवशी गेली. धड्यातली लढाई, तह, तहातली कलमं तिच्या डोक्यात बसत होती. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून ती ओठांतल्या ओठांत ती कलमं म्हणायची. कंबर मोडायची, पाठीवर पाऊस कोसळायचा, आणि तिला वाटायचं, हे सतरा वर्षांत कधीच इतकं हलकं नव्हतं.

*

भादव्याच्या अमावास्येला उधाण आलं आणि खाडीचा बांध फुटला. मिठागर गेलं असलं तरी बांधाआतलं भात अजून घरचं होतं, नुकतं पोटरीला आलेलं. सकाळी उठून बघतात तर खाचरांत खारं पाणी शिरून पात्यांच्या शेंड्यांपर्यंत आलेलं. भरती पुन्हा यायच्या आत खिंडार बुजवायला हवं होतं. सगळं गाव उतरलं. पुरुष फावड्यानं चिखलाची ढेकळं कापत होते, बायका डोक्यावरून वाहत होत्या. हौसाही पदर खोचून रांगेत होती. साठी उलटली होती, पण बसून राहणं तिला माहीत नव्हतं.

"आय, तुमी वर थांबा," रंभा म्हणाली.

"का? मना बी परीक्षा हाय का उद्या?"

हे म्हणतच ती वळली, आणि पाय गाळात गेला. डोक्यावरचं ढेकूळ आणि हौसा दोन्ही बांधाच्या दगडांवर आदळली. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या बाईला ऐकू आला. हौसाला दाराच्या फळीवर घालून घरी आणली. पनवेलच्या डॉक्टरनं खुबा मोडल्याचं सांगितलं. या वयात जुळणार नाही म्हणाला. निम्मं भात करपलं आणि हौसा खाटेवर पडली.

आता तिचं सगळं खाटेवरच. रंभानं चार दिवस कॉलेज बुडवलं. पाचव्या दिवशी आनंदा बांधावरून आला आणि तिला घरात बघून थबकला.

"आज गेली नाय?"

"आयचं कोन करील?"

"मनी करील."

मनी आठवीत होती. ती चुलीपाशी बसून गणितं सोडवत होती. तिनं वर पाहिलं.

"आये, माजी सहामाही येते," ती म्हणाली.

रंभानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे. मग पोरीकडे न बघता म्हणाली, "एक वरसाची गोष्ट हाय, मने. एका वरसानं काय बिगरतंय?"

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे वाक्य कुणाचं आहे. तरी तिनं ते परत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत चपला घालून ती निघाली. मनी दारात उभी होती, हातात आजीचं लघवीचं भांडं. तिनं आईला हाक मारली नाही.

*

मनी पहिला महिनाभर रडायची. हौसा खाटेवरून तिला शिव्या घालायची. "हळू पूस, डोंबलाचे. खरजुल्या ढोरावानी काय घासतंस?" पाठीला जखमा पडायला लागल्या. कूस बदलायला पोरीचा जोर पुरायचा नाही. मग म्हातारी किंचाळायची आणि शेजारच्या बाया दारात येऊन मनीला नावं ठेवून जायच्या.

ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस रंभा कॉलेजातून आली. दारातच वास आला. हौसा ओल्या गोधडीत पडलेली, ओठ कोरडे, डोळे छपराकडे. माश्या बसत होत्या. मनी मागच्या पडवीत पोफळीच्या खांबाला टेकून आठवीचं विज्ञान वाचत होती.

रंभानं तिच्या थोबाडीत दिली. पुस्तक हिसकावलं आणि परसातल्या चिखलात फेकलं.

"तुला हाका ऐकू नाय आल्या?"

"आल्या," मनी म्हणाली.

"मग?"

मनीनं गालावर हात ठेवला होता. "धडा संपवत होते. तू कशी संपवतंस, तसा."

रंभानं तिला पुन्हा मारलं. नंतर तिनं एकटीनं म्हातारीची गोधडी बदलली, अंग पुसलं. पुस्तक चिखलात पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी रंभाची चाचणी होती. कागदावर लिहिताना तिच्या उजव्या हाताचा तळवा हुळहुळत होता. तिला त्या चाचणीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. अरुंधतीनं तिचा पेपर वाचून दाखवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघून म्हणाली, "छान लिहिलंय, मोकल."

त्या दिवसानंतर मनी रडायची बंद झाली. बोलायचीही जवळजवळ बंद झाली. सांगितलेलं सगळं करायची. गोधड्या वेळेवर धुतलेल्या असायच्या. हौसाचं ओरडणंही कमी झालं. रंभाला वाटलं, पोरगी मार्गाला लागली.

*

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. निकाल जूनमध्ये लागला. रंभा दुसऱ्या वर्गात पास झाली होती. ती पेढे घेऊन घरी आली तेव्हा ओट्यावर कमळाकर बसला होता आणि आनंदा त्याच्यासमोर खाली मान घालून.

"पास झाले," रंभा म्हणाली.

"झालीस? बरं झालं," कमळाकरनं पेढा तोंडात टाकला. "मी आनंदाला तेच सांगत व्हतो. नोकरी याच्या नावावर घेतलीय."

रंभाला आधी कळलंच नाही. "यांच्या? पन हे तर..."

"गेटवर. शिक्युरिटी. टोपी, शिट्टी, बूट." कमळाकरनं बोटं धोतराला पुसली. "काय हाय, सातबारा याच्या बापाचा. नि लोक बी बोलायला लागले. बायको पंख्याखाली, नवरा खाऱ्या चिखलात. गड्याला बरं दिसतंय का ते?"

"तुमीच म्हनले व्हते, पदवी काड."

"व्हतो ना. वाया कुटं गेली? घरात डिग्री र्‍हायली की."

रंभा नवऱ्याकडे वळली. "तुमी सांगा."

आनंदानं वर पाहिलं नाही. "मना कंटाळा आला गो चिखलाचा," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या नखांतला काळा गाळ पंधरा वर्षांत निघाला नव्हता. "तुला काय, तू उन्हातान्हातनं कॉलेजात तरी जातव्हतीस."

पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून रंभा आत गेली. हौसानं खाटेवरून हात पुढे केला. रंभानं तिच्या हातावर पेढा ठेवला. म्हातारीनं तो दात नसलेल्या तोंडात बराच वेळ घोळवला.

"गोड हाय," हौसा म्हणाली. "फसवली ना तुला? मना ऐकू आलं सगलं."



आठवड्यानं आनंदा निळा गणवेश घालून कामाला जाऊ लागला. चालताना बूट वाजवायचा. रविवारी मोकळा असला की गावातून तोच गणवेश घालून हिंडायचा.

रंभा निकालाचा कागद घ्यायला कॉलेजात गेली, तेव्हा अरुंधती तिला ग्रंथालयात भेटली. या वेळी बरोबर कुणी नव्हतं. अरुंधती तिच्याशेजारी बसली.

"कंपनीची नोकरी लागली?"

रंभानं झालेलं सांगितलं. अरुंधतीनं टेबलावरच्या शाईच्या डागावर बोट फिरवलं.

"नवीन पनवेलला एक शाळा निघालीय. माझ्या दिरांची ओळख आहे. ऑफिसमध्ये पदवीधर बाई हवीय. करशील?" मग तिनं हळूच म्हटलं, "मी तुला तेव्हा व्हरांड्यात ओळख द्यायला हवी होती, रंभा. मला लाज वाटली. तुझी नाही, मी तुझ्या डब्यातलं जेवलेय, ते लोकांना कळेल याची."

"कवापासून यायचं?" रंभानं विचारलं.

*

आनंदा नाही म्हणाला नाही. "जा की," तो बूट काढत म्हणाला. "मनी हाय घरात."

"मनीची शाळा सुरू झाली. तिला परत आठवीत बसवायचंय."

"बायकांनी किती शिकायचं एका घरात? तू झालीस ना बी.ए.?" तो हसला. आपण विनोद केला असं त्याला वाटत होतं. "एक कोनतरी घरात र्‍हाईल. तू नायतर ती. तुमीच ठरवा."

रविवारी रंभानं हौसाला अंघोळ घालायला घेतली. एरवी हे मनी करायची. लुगडं वर सारलं आणि रंभाचा हात थांबला. म्हातारीच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे, चिमट्यांचे डाग होते. काही निळे, काही पिवळे पडलेले, काही अगदी ताजे. जुन्यांवर नवे.

"हे काय?"

"हळू बोल." हौसानं तिचं मनगट धरलं. बोटांत अजून ताकद होती. "तिला काय बोलू नको."

"कंदीपासून?"

"तू चिखलात पुस्तक फेकलंस ना, तवापासून. पयले दोनदा मी वरडले. मंग तिनं पानी दिलं नाय. मंग मी वरडायची बंद झाले." हौसाचे डोळे कोरडे होते. "मी पन माज्या सासूला काडलेत चिमटे. ती बी आशीच पडून व्हती. मना ठावं हाय कसा हात जातो तो. काडला का जरा बरं वाटतं."

पडवीत मनी गोधड्या आपटत होती. धप्प, धप्प, एका लयीत.

"तिला शाळंत धाड," हौसा म्हणाली. "न्हायतर मना मारंल ती. नि मारून बी तिला पुरं पडनार नाय."

"मग मी र्‍हाते घरात."

"तू र्‍हायलीस तर तू काडशील." हौसानं तिचं मनगट सोडलं. "तोंड बघ तुजं. निकाल लागल्यापासून मना पानी देताना तू भांडं किती जोरात ठेवतंस, मना ऐकू येत नाय? दोघी जा. उशाला पानी ठेव, भाकर ठेव. नि कडी भायेरून लाव. दार उघडं र्‍हायलं तर कुत्री येतील."

"आय, आसं कसं..."

"वत पानी. थंडी वाजते."

रंभानं पाणी ओतलं. डागांवरून हात फिरवताना तिनं तो खूप हलका ठेवला, आणि हलका ठेवायला आपल्याला मुद्दाम लक्ष द्यावं लागतंय, हे तिच्या ध्यानात आलं.

*

सोमवारी दोघी निघाल्या. मनीचा जुना गणवेश आखूड झाला होता. रंभानं पाण्याचा तांब्या आणि भाकर खाटेशी ठेवली, गोधड्यांची जाड घडी अंगाखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं. कडी गंजलेली होती. ती दोन हातांनी दाबून लावावी लागली.

बांधावर पोहोचेपर्यंत आतून काही आवाज आला नाही. मग हाक आली. शब्द कळले नाहीत. मनी थांबली.

"चल," रंभा म्हणाली.

मनी चालू लागली.

पहिले काही दिवस शेजारणी दारातून डोकावून गेल्या. मग पावसानं रस्ते चिखलले आणि त्या यायच्या बंद झाल्या. संध्याकाळी आधी जी घरी पोहोचेल ती कडी काढायची. कधी भाकर तशीच असायची, वर मुंग्या. कधी तांब्या लवंडलेला असायचा आणि म्हातारीची जीभ टाळूला चिकटलेली. हौसा तक्रार करत नसे. मनीला विचारायची, "आज काय शिकवलं?" मनी सांगायची. अंग पुसताना मनीचा हात आता सरळ चालायचा. ती डोळे मात्र वर उचलायची नाही. आनंदा पाळीवरून आला की आईच्या खोलीत न जाता ओट्यावरच बूट पुसत बसायचा.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी दोघी फाट्यावर भेटल्या आणि बरोबरच घरी आल्या. दाराशी उभं राहून रंभानं ऐकलं. एरवी पावलं वाजली की म्हातारी खाकरायची. आत काहीच हललं नाही. रंभाचा हात कडीपर्यंत जाईना. मनीनं दप्तर ओट्यावर ठेवलं आणि कडी काढली.

हौसा खाटेवर नव्हती. खाटेपासून दारापर्यंत ती घसटत आली होती. सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या रेघा उठल्या होत्या. दार उघडलं तसं ते तिच्या गार पडलेल्या हाताला लागलं.

शेजारच्या बाया जमल्या. आनंदाला बोलवायला माणूस धाडला. रंभानं पाणी तापवलं, म्हातारीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतला गुंता सोडवायला बसली. कमळाकरची बायको शशिकला उंबऱ्यात उभी होती. ती आत आली नाही. जमिनीवरच्या रेघा तिनं पाहिल्या, सगळ्यांना दाखवल्या.

"दार लावून मारली म्हातारीला," ती म्हणाली. "ही शिकलेली बाई. दार लावून मारली."

रंभानं फणी खाली ठेवली नाही. मनी तांब्या घेऊन चुलीपासून उठली, आजीच्या पायांशी बसली आणि पाय धुवायला लागली.

"हां," ती शशिकलाला म्हणाली, वर न बघता. "आमी दोघींनी."

रंभानं तिला गप्प केलं नाही. केस फार गुंतले होते. ती टोकापासून एकेक बट सोडवत राहिली.